विहिरीतले चार आणे

आमच्या विहिरीत आमचा चार आणे हिस्सा होता. होता म्हणताना अजून जीभ अडखळते.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, चार आणे म्हणजे इथे पैसे नव्हेत. विहीर सोळा आण्यांची धरायची आणि ज्याचा जेवढा वाटा तेवढे आणे त्याचे. आमची विहीर आष्ट्याच्या शिवारात, चार घरांत मिळून, चौघेही भाऊबंद. दर आठ दिवसांतले दोन दिवस मोटर आमची आणि पाणी आमचं. तशी सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंदसुद्धा होती. पण नोंदीपेक्षा रीत मोठी. पाळी संपली की मोटर बंद करून निघून जायचं नाही. पुढचा हिस्सेदार विहिरीवर येईपर्यंत थांबायचं आणि तोंडानं सांगायचं, "माझं झालं, तू घे." मग घरी यायचं. माझं लग्न झालं तेव्हा माझे सासरे हेच म्हणत होते, आणि फौजेतून निवृत्त होऊन घरी आल्यावर आमचे हेही हेच म्हणायला लागले. त्या चार शब्दांमुळं आमच्या विहिरीवर कधी भांडण झालं नाही. बांधावरून झाली, शेळीवरून झाली, लग्नातल्या मानपानावरून तर दोन वर्षं अबोला होता. पाण्यावरून नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की ज्या चोरीबद्दल मी लिहिते आहे ती चोरी या विहिरीतूनच आत आली.

करोनाच्या आधी आम्ही पुण्याहून एक लग्न उरकून परतत होतो. शिरवळच्या अलीकडं चहाला थांबलो. हॉटेलच्या दारात फुगे लावलेल्या टेबलामागं एक मुलगी उभी होती. चिठ्ठी भरा, बक्षीस जिंका. आमच्या ह्यांना कुठलाही कागद भरायला लय आवडतं, फौजेची सवय. नाव, हुद्दा, फोन नंबर, सगळं मोठ्या अक्षरांत नीट लिहिलं. मी म्हटलं, "आवं, चहा निवतोय." तर म्हणाले, "अर्धवट कागद देऊ ने कुणाला."

पंधरवड्यात फोन आला. तुम्हाला ताटवाट्यांचा सेट भेट लागला आहे, सांगलीत अमुक हॉटेलात घ्यायला या, मात्र नवरा-बायको दोघांनी यायचं, एकट्याला मिळणार नाही. ह्यांचे कान तोफखान्यात गेले, त्यामुळे आमच्या घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो. मी ऐकत होते. मला तेव्हाच विचारावंसं वाटलं की ताटवाट्यांचा सेट द्यायला जोडपं कशाला लागतं, सत्यनारायण आहे का?

हॉलमध्ये गाणी एवढी मोठ्यानं लावली होती की शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते कळू नये. कुणी सही केली की घंटा वाजायची आणि सगळे सूटवाले टाळ्या वाजवायचे. आमच्या वाट्याला जो पोरगा आला त्यानं आधी ह्यांना जयहिंद केलं, मग मला मॅडम म्हटलं, आणि तासाभरानं आई. महाबळेश्वरातली एक खोली, वर्षाचे बावन्न आठवडे, त्यातला एक आठवडा तुमचा, कायमचा. कागदावर त्यानं एक गोल काढला आणि त्याचे तुकडे केले. हे बराच वेळ त्या गोलाकडं बघत राहिले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी पाळीच की ही."

"सॉरी सर?"

मग ह्यांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, त्याच कागदावर विहीर काढली, चार वाटे पाडले आणि सांगायला लागले. सोळा आणे म्हणजे काय, पाळी म्हणजे काय, मोटर जळाली तर ती भरून आणायला सगळ्यांनी वर्गणी कशी द्यायची, आपण त्या महिन्यात पाणी घेतलं असो वा नसो. हिस्सा पोराच्या नावावर कसा चढतो. विकायचा झाला तर आधी बाकीच्या हिस्सेदारांना कसं विचारायचं. तो पोरगा हनुवटीला हात लावून ऐकत होता. इतकं लक्ष देऊन ह्यांचं कुणी ऐकलेलं मी वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं, माझं धरून. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "एक्झॅक्टली सर. ही पाळीच आहे. फक्त विहिरीऐवजी खोली."

"इकता येती?"

"येते ना सर."

"पोराच्या नावावर चढती?"

"चढते सर."

"आन कुनी अडवलं तर?"

"तुमचा हिस्सा आहे सर, कोण अडवणार?"

माझं माहेर जावळीतलं, महाबळेश्वरच्या पायथ्याचं. मी म्हटलं, "आषाढात तिथं भिंतीला हात लावला तरी पाणी येतं. तवाचा आठवडा गळ्यात मारला तर काय करायचं?" तो म्हणाला, "आई, सीझन तुम्ही निवडायचा." आम्ही सकाळपासून बसलो होतो, ह्यांची साखरेची गोळी चुकली होती, आणि मला उठायचं होतं. शिवाय तो म्हणत होता की ही किंमत आजच्यापुरती, दारातून बाहेर पडलात की संपली. दोघांच्या सह्या झाल्या. घंटा वाजली. बाहेर पडताना मागच्या टेबलावरून त्याच पोराचा आवाज आला. द्राक्षबागायतदारासारख्या दिसणाऱ्या एका माणसाला तो सांगत होता, "काका, विहिरीतला हिस्साच समजा."

आमच्या ह्यांना त्याचा अभिमान वाटला. घरी येईपर्यंत तीनदा म्हणाले, "बग, त्येला मी शिकवलं."

पहिली दोन वर्षं खोली मिळाली नाही. दिवाळीत मागितली, भरलेली. मे महिन्यात मागितली, भरलेली. मी चिडायची आणि हे मला समजवायचे, की आपल्या पाळीच्या दिवशी लाईट गेली तर पाळी वाया जातेच ना, त्याला कोण काय करणार. दरवर्षी देखभालीचं बिल मात्र वेळेवर यायचं, आणि दरवर्षी वाढून. तेही ह्यांना मान्य. वर्गणी आहे, द्यायला नको? हिस्सा ठेवायचा म्हणजे वर्गणी आलीच.

तिसऱ्या वर्षी खोली मिळाली. आषाढात.

गाव सोडून चांगलंच लांब, घाटाच्या कडेला इमारत होती. हॉलमध्ये दाखवलेल्या चित्रातली नव्हेच. गाद्या ओल्या, चादरीला कुबट वास, आणि खिडकी उघडली की धुकं पाहुण्यासारखं आत येऊन बसायचं. ह्यांनी घरून गुळाची ढेप आणि शेंगा नेल्या होत्या. मला वाटलं आम्हाला खायला. पहिल्याच दिवशी ते खाली मॅनेजरकडं गेले आणि म्हणाले, "ह्या खोलीचं बाकीचं हिस्सेदार कोन? वळख करून द्या." मॅनेजरला आधी कळेना. कळल्यावर तो हसला आणि आत जाऊन त्यानं दुसऱ्यांना सांगितलं, मग तेही हसले.

निघायच्या दिवशी मी पिशव्या भरल्या, तर हे खोलीबाहेर ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर तो गूळ आणि शेंगा. पुढच्याची वाट बघत होते. पाळी हातात देऊन मगच निघायचं. मी किती सांगितलं. एवढ्या पावसात कोण मरायला येणार होतं? दुपारी झाडू मारणारी बाई आली आणि किल्ली मागायला लागली. हे उठले, तिच्या हातात गूळ दिला आणि म्हणाले, "आमचं झालं." ती बिचारी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. परतीच्या गाडीत मी तोंड खिडकीकडं करून रडले. राग होता की कीव होती, आज सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

त्यानंतर आम्ही गेलो नाही. बिलं येत राहिली.

मग गेल्या वर्षी दुसरा फोन आला. या खेपेला बाई होती आणि इतकं गोड मराठी बोलत होती की माझ्या सुनेनं शिकून घ्यावं. "काका, तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक मिळालंय." तिच्याकडं आमचं सगळं होतं. सभासद क्रमांक, खोली, वर्ष, ह्यांचा हुद्दासुद्धा. मुंबईची कुठलीशी कंपनी आपल्या साहेब लोकांसाठी असे आठवडे विकत घेते म्हणे, आणि भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट देते. फक्त एक अडचण. त्या खोलीच्या बाकीच्या आठवडेवाल्यांची ना हरकत लागेल, आणि ती गोळा करायचा खर्च आधी भरावा लागेल.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "ठिवा तो फोन!"

ह्यांनी फोन ठेवला खरा, पण माझ्याकडं बघून म्हणाले, "आगं, हे रीतसर हाय. हिरीचा हिस्सा इकायचा तर हिस्सेदारांस्नी इचारावं लागतंच की. आज इतक्या वर्सांनी रीत माहीत असलेलं मानूस भेटलं."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. पुण्यामुंबईच्या माणसाला हीच थाप मारली असती तर त्यानं हसून फोन ठेवला असता. आणि आमच्या घरात ती थाप म्हणजे खरेपणाची खूण ठरली. हॉलमधल्या त्या पोरानं कुणाकुणाला आमची विहीर सांगितली होती, देव जाणे.

ना हरकतीचे पैसे गेले. मग कर भरायचा म्हणून गेले. मग कुठलं तरी परत मिळणारं डिपॉझिट. निवृत्तीच्या वेळची ठेव मोडली ते मला बँकेतून कळलं. मुलगा कुपवाडला एका कारखान्यात मशीनवर आहे. तो रविवारी गाडी मारून आला, बापाच्या फोनवर तो नंबर बंद केला आणि जाताना मला म्हणाला, आता येणार नाही फोन. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरावरून आला. हे मुलावर इतके भडकले की महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. वरिष्ठाच्या फोनला हात लावतो म्हणजे काय?

मी एकटी सांगलीला गेले. ग्राहकांचे खटले चालवणारे एक म्हातारे वकील आहेत असं कुणी सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, कागद बघितले. म्हणाले, "ज्यांनी खोली विकली त्यांच्यावर ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. वेळ लागेल, पण करू. हे फोनवाले मात्र निव्वळ चोर आहेत. एकदा फसलेल्यांच्या याद्या ते विकत घेतात. बाई, एक सांगा, जो तुम्हाला लाखांनी पैसे देणार आहे तो आधी तुमच्याकडं कशाला मागेल? देताना त्यातूनच कापून घेईल की. घरी जाऊन त्यांना एवढंच विचारा." तिथून मी पोलिसांत गेले. टेबलावरचा माणूस भला होता, लिहून घेत होता. मग त्यानं विचारलं, पैसे कुणाच्या खात्यातून गेले? मी सांगितलं. म्हणाला, "मग त्यांनाच घेऊन या. आणि लवकर या, पैसे पुढं सरकले की हाती लागत नाहीत."

एसटीत मी ते वाक्य पाठ करत आले. जो देणार आहे तो आधी कशाला मागेल. घरात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं. ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "वर्गनी आदीच घेत्यात."

मी किंचाळले. गल्लीतली बायामाणसं दारात आली एवढी किंचाळले. "आवं, ही हिर न्हाई! त्या खोलीत हिस्सेदार न्हाईत, वर्गनी न्हाई, काय सुदीक न्हाई! पोलिसांत चला!" पोलिसांत जायचं म्हणजे सौदा मोडायचा, आणि आपण फसलो हे चारचौघांत म्हणायचं. दोन्हीला ह्यांची तयारी नव्हती.

शेवटचा हप्ता सगळ्यात मोठा होता. त्या बाईनं आता गोडवा थोडा कमी केला होता. काका, देखभालीची मागची बाकी नाही भरली तर सौदा रद्द, आणि तुमच्या पश्चात सगळं बिल मुलाच्या नावावर चढेल. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हिस्सा पोराच्या नावावर चढतो तशी बाकीही चढते, हे आमच्या ह्यांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

घरात आता मोडायला काही उरलं नव्हतं. त्यांनी विहिरीतले चार आणे विकायचे ठरवले.

रीतीप्रमाणं आधी हिस्सेदारांना विचारलं. माझे धाकटे चुलत दीर घ्यायला तयार झाले. मी त्यांच्या दारात गेले. मानपानाच्या अबोल्यानंतर त्या घरात मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. मी पदर पसरला, खरोखरीचा. म्हटलं, "भावजी, तुमी घेऊ नका. तुमी न्हाई म्हटलं की थांबतील ते."

ते खाली बघत म्हणाले, "वैनी, मला काय हौस हाय व्हय? दादा आज न्हाई तर उद्या दुसऱ्याला इकल. परका मानूस हिरीवर आलेला चालंल का? मग त्या हिरीचं काय ऱ्हाईल?"

मी पदर आवरला. त्यांच्या जागी आमचे हे असते तर त्यांनीही हेच केलं असतं. ज्या रीतीनं ती विहीर इतकी वर्षं टिकली, तीच रीत माझ्या आडवी आली.

खरेदीखताच्या दिवशी सकाळी मी उंबऱ्यावर बसले. म्हटलं, मला ओलांडून जायचं. ते ओलांडून गेले नाहीत. इस्त्रीच्या कपड्यांनिशी माझ्याशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "पोराच्या गळ्यात हे लोढनं ठिवून मला मरायचं न्हाई. पैसं आलं की चाराच्या जागी सा आनं घिऊ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नानंतर ते मी तिसऱ्यांदा पाहत होते, आणि आधीच्या दोन्ही वेळा घरात मयत झालेलं होतं. मी बाजूला सरले.

सांगलीच्या त्या हॉलमध्ये माझ्या सहीशिवाय सूटवाल्यांचं पान हलत नव्हतं. विहीर विकताना माझी सही कुणालाही लागली नाही.

आमची शेवटची पाळी त्याच आठवड्यात होती. ह्यांनी उसाला पाणी दिलं, पाटाची दारं मोडली, बांध नीट केले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ येईपर्यंत विहिरीच्या काठावर बसून राहिले. मी भाकरी घेऊन गेले होते म्हणून मला ऐकू आलं. "माझं झालं," ते म्हणाले, "तू घे." भाऊ पुढं होऊन त्यांच्या पाया पडला. मोटर चालू झाली तसे आम्ही घरी आलो.

पैसे पाठवले. त्यानंतर ती बाई एकदाच बोलली आणि मग तो फोन कायमचा बंद झाला. हे रोज लावून बघायचे. स्पीकरवर ती यांत्रिक बाई सांगायची, हा क्रमांक अस्तित्वात नाही, आणि हे पूर्ण ऐकून घ्यायचे. ऊस निघाल्यावर त्या जागी शाळू टाकला, पावसावर येईल तेवढा येईल. दीर दोनदा येऊन म्हणाले, "दादा, पाटाला पानी लावतो, घ्या." ह्यांनी घेतलं नाही. आपली पाळी नसताना पाणी घेणारा माणूस त्यांनी आयुष्यभर नालायक ठरवला होता. मी वकिलांकडची तारीख आली की जाते. ह्यांना पोलिसांत न्यायला मात्र मला जमलं नाही.

परवा दुपारी फोन वाजला. मी भाजी निवडत होते. नवा माणूस, हिंदीमिश्रित मराठी, आवाजात सरकारी वजन. अशा खोल्यांच्या व्यवहारात फसलेल्या लोकांचे पैसे परत मिळवून देणारं आमचं खातं आहे, यादीत तुमचं नाव आलंय. मला कळायचं ते पहिल्याच वाक्यात कळलं. हात पुसत उठले. हे मात्र खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पैसं ऱ्हाऊ द्या साहेब. हिरीतला हिस्सा परत मिळंल का?"

मला वाटलं, आता हा चुकणार. आता हा काहीतरी भलतंच बोलेल आणि ह्यांना कळेल की याला विहिरीतलं ओ की ठो माहीत नाही. जिवाचे कान करून मी ऐकत राहिले.

"विहीर?" तो म्हणाला. "हां काका, होईल ना. ते पण होतं. थोडा चार्ज लागेल. पण आधी मला जरा सांगा, हा हिस्सा म्हणजे नक्की कसा असतो?"

ह्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"आता बगा," ते म्हणाले, "हिर म्हंजी सोळा आनं."

मी फोन घ्यायला हात पुढं केला. त्यांनी मला थांब म्हणून खूण केली आणि पेन उचललं.